उभ्या धाग्याचा पट्टा

पोरींनो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. पण तुमच्या आजोबांचं आणि माझं लग्न जमलं ते गाडीच्या एका तुटक्या पट्ट्यामुळे, आणि तो पट्टा मी उकळत्या इंजिनावर वाकून, दातात सुई धरून शिवला. हसा, हसा. खुर्चीत साक्षीदार बसलेत, तेही हसतायत बघा.

तेव्हा मी आत्याकडे राहायचे. घर अगदी रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन, खिडकीवर शिवणकामाची पाटी आणि पाटीखाली आत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप ती नुसत्या नजरेने घ्यायची. दुपार होती. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. कोंदट, राखेच्या रंगाचा दिवस. मी कुणाच्या तरी झग्याचा गळा उसवत होते आणि बाहेर एका गाडीची अशी किंकाळी उठली! मग फट्‌कन आवाज. मग वाफ. वाफ इतकी, की आमच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे आपोआप इस्त्री होऊन निघाले. आत्याचा एक परकर तर पुढे जन्मात चुरगळला नाही.

"दोरीवर कपडे नव्हते त्या दिवशी," तुमचे आजोबा म्हणतायत. होते. तुमचं लक्ष नव्हतं.

तर वाफ विरली आणि तिच्यातून एक माणूस निघाला. उंच, हडकुळा, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. डोळे असे, की झोप म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला हवं. हातात स्क्रू-ड्रायव्हर, पण एवढासा, की त्याने फार तर दात कोरावेत.

"मेकॅनिक आहात?" मी दारातून विचारलं.

"नाही... घड्याळजी."

"मग गाडीला काय, किती वाजले ते विचारताय?"

तो हसला नाही. नुसता गाडीच्या मागच्या सीटकडे बघत राहिला. मीही बघितलं.

मागे त्याची आई आडवी होती. डोक्याखाली उशी, गळ्यापर्यंत शाल. चेहरा धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखा, पलीकडचं दिसावं असा. हॉस्पिटलने हात टेकले होते. घरी न्या म्हणाले होते. आजचा दिवस धरेल असं वाटत नाही, असंही म्हणाले होते.

"तिची खाट आहे घरी, खिडकीपाशी," तो म्हणाला. "परक्या पलंगावर नको म्हणते. मी शब्द दिलाय. तेवढंच मागितलंय हो तिने—"

गावात गॅरेज होतं एकच, आणि ते बंद. मालकाच्या घरीच सकाळी कुणी गेलं होतं. मरणाला त्या दिवशी दुसरा धंदाच नव्हता जणू. दुसरं एखादं वाहनही फिरकत नव्हतं.

त्याने बॉनेट उघडून रबरी पट्ट्याच्या चिंध्या दाखवल्या. हा पट्टा पंखा फिरवतो, पाणी फिरवतो. हा नसला की इंजिन उकळतं, म्हणाला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पट्टा म्हणजे पट्टाच की! मी गळ्यातली टेप काढली.

"घेर किती?"

"घेर?"

"गाडीच्या कमरेचा."

"कोण आहे रे?" गाडीच्या आतून आवाज आला. बारीक, पण धार असलेला.

"शिंपीण आहे, आई."

"शिंपीण? बरं... झालर लाव म्हणावं."

ही माझ्या सासूबाईंशी माझी पहिली ओळख.

गादीच्या खोळीचं जाड कापड काढलं. उभ्या धाग्यात कापलं, कारण आडवं कापड ताण पडला की पसरतं, उभं धरून राहतं. आत पँटच्या पट्ट्यात घालतात तो कडक कॅनव्हास, वर शिलाईवर शिलाई. टोकं मात्र चाकांवरून ओवून तिथेच, इंजिनावरच जोडायची होती. त्याने दोन्ही टोकं ओढून धरली, मी सुई घेऊन वाकले. बॉनेटखाली जागा ती किती! त्याचं कानशील माझ्या कपाळाला लागत होतं.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "तुम्ही बेशुद्ध पडलात तर दुसरी सीट नाही."

"मी श्वास घेतला की... तुमचे केस हलतात."

"हलू देत. ते शिलाईत नाहीयेत."

गाडी सुरू केली. पट्टा फिरला, घसरला, केकाटला आणि निवांत लोंबकळत बसला. सैल! दोन बोटं सैल. सांगू का, सवय. शिंप्याचा हात अंगाबरोबर शिवतच नाही. माणूस जेवला की फुगतो, लेकरू सहा महिन्यांत वाढतं, म्हणून आपण सैल ठेवतो. मी त्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं.

"पण गाडी जेवत नाही हो," तो म्हणाला.

आणि हसला. पोरींनो, काय सांगू... त्या बटणं चुकलेल्या माणसाला हसू इतकं नीट बसत होतं, जसं त्याच्याच मापाने बेतलेलं!

"वेळ जातोय रे," आतून आई म्हणाली. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं. हसू जिथल्या तिथे मेलं.

दुसरा पट्टा मी मुद्दाम आखूड कापला. "ओढा," मी त्याला म्हणत होते, "जीव जाईस्तोवर ओढा—" आणि जीभ चावली. तो ओढत राहिला.

हा पट्टा फिरला. पण रस्ता लांबचा, कापड किती टिकणार?

"वाटेत तुटला तर?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, सुईकडे बघून.

आत्या म्हणाली, "तरणीताठी पोर, अनोळखी माणसाबरोबर?" मग ती खिडकीतून गाडीत वाकली. सासूबाईंकडे बराच वेळ बघत राहिली. वळली तेव्हा तिचा चेहरा निराळा होता.

"जा," म्हणाली. "कात्री बरोबर ने."

"कापडाला?"

"कापडाला आणि त्याला. दोघांना पुरेल."

मी मागे बसले, सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. वजनच नव्हतं त्याला. इंजिनाच्या घरघरीत त्यांचा आवाज पुढे पोचत नव्हता, म्हणून मी त्यांच्या ओठांशी कान न्यायचा आणि मोठ्याने पुढे सांगायचं, असं सुरू झालं.

"त्या म्हणतात, खड्डे चुकव. मला मारायला खड्ड्यांची गरज नाही."

पुढे त्याचे खांदे हलले. हसत होता की काय करत होता, पाठीवरून कळत नाही.

"पाणी हवंय का, विचारा ना तिला."

"म्हणतात, गाडीला पाज."

मग त्यांनी मलाच विचारलं, "लग्न झालंय का गं तुझं?" मी मान हलवली. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "ह्याचंही नाही. घड्याळांशी बोलतो नुसता."

"काय म्हणतेय आई?"

"रस्त्याकडे बघा म्हणतायत!"

घाट नव्हे, पण रस्ता एका टेकडीला वळसा घालत होता. त्या वळणावर जळक्या कापडाचा वास आला. पट्टा करपून तुटला. बुरबुर पाऊस सुरू झालेला. माझ्याजवळची खोळ संपली होती. मी धावत जाऊन डिकी उघडली, काही जाड मिळतंय का बघायला. तिथे कागदात गुंडाळलेलं कापड होतं. पांढरं, कोरं, घडी न मोडलेलं.

"ते नको!" तो माझ्या हातावर झडपच घालायला आला. मग तिथेच चिखलात उभा राहिला. "हॉस्पिटलच्या समोरच दुकान आहे. कुणीतरी म्हणालं, आत्ताच घेऊन ठेवा, मागाहून धावपळ होते... म्हणून घेतलं मी. ती जिवंत असताना घेतलं."

मी घडी परत कागदात ठेवायला लागले.

"फाड त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. काच अर्धी उघडी होती. ऐकत होत्या सगळं. "मला ठाऊक आहे ते काय आहे. मी आता उरलेय केवढीशी! सगळं लागायचं नाही मला."

आयुष्यभर कापड फाडलं मी, पण तसा आवाज पुन्हा कधी आला नाही. सगळ्या टेकडीला ऐकू गेला असेल. उभ्या धाग्यात फाडलं, चौपदरी दुमडलं, हातानेच टाके घातले. तो टोकं धरून होता. पाऊस आमच्या मानेवर पडत होता आणि इंजिनावर पडून चरचरत होता. माझी सुई त्याच्या बोटात गेली.

"दुखलं?"

"बरं वाटलं," तो म्हणाला. "निदान हे कुठे दुखतंय ते कळतंय."

मी त्याचं बोट धरलं. रक्त थांबेपर्यंत धरायचं होतं. ते थांबलं, तरी... असो. पांढऱ्या पट्ट्यावर एक लाल ठिपका राहिला.

आणि तो पट्टा पळाला, बायांनो! असा पळाला की गाडी पुढे आणि गाडीची सावली मागे वळणावरच राहिली, आम्हाला शोधत. मी मागे बसून पुन्हा निरोप द्यायला लागले.

"आई बरी आहे ना?"

"म्हणतात, मागे बघू नकोस. पुढे बघ."

"थंडी वाजतेय का तिला?"

"नाही म्हणतात. शाल आहे."

वायपर काचेवर इकडून तिकडे जात होता. मग मी म्हटलं, "त्या विचारतात... या पोरीला परत कोण सोडणार?"

"मी सोडेन."

"म्हणतात, नाही सोडलंस तर?"

गाडी जरा हळू झाली. त्याने गळा साफ केला. "नाही सोडलं तर... चालेल का, विचारा."

मी पुन्हा कान नेला. "चालेल म्हणतात. पण शर्टाची बटणं नीट लावायला शीक म्हणतात. आणि हिच्याशी बोल, घड्याळांशी पुरे."

"हो म्हणावं," तो म्हणाला. अगदी हळू. "सांगा तिला, मी हो म्हणालो."

पोचलो तेव्हा अजून उजेड होता. त्याने आईला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं, खाटेवर ठेवलं. मी खिडकी उघडली. पाऊस थांबला होता. सासूबाईंनी डोळे उघडले, बाहेर बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या—

"नाही," तुमचे आजोबा म्हणतायत.

"तुम्ही मध्ये बोलू नका हो—"

"ती वळणावरच गेली होती. आपण पट्टा शिवत होतो तेव्हाच. तू मागे बसलीस, तिला हाक मारलीस, मग शाल तिच्या हनुवटीपर्यंत ओढून घेतलीस. मला आरशात दिसत होतं सगळं. तुझा कान तिच्या ओठांशी होता, पण ओठ हलत नव्हते."

तुमच्यातली धाकटी त्यांच्याकडे बघतेय, मग माझ्याकडे. "मग ते सगळं... कोण बोलत होतं?"

"हीच बोलत होती. मी गाडी थांबवू नये म्हणून." त्यांनी माझा हात खुर्चीच्या हातावर ओढून घेतलाय. "आणि मी हो म्हणालो ते हिलाच म्हणालो."