गुरुवारचे हातमोजे

वादळाचा इशारा सकाळी आठला मागे घेतला म्हणून दवाखाना उघडला, नाहीतर ही गोष्ट घडलीच नसती. हाँगकाँगमधल्या काऊलूनच्या त्या सरकारी त्वचारोग दवाखान्यात सूक-यी तेव्हा नोंदणीच्या खिडकीत बसायची. इतकी वर्षं झाली, तरी काचेपलीकडे निथळत उभा असलेला काम-हुंग तिला जसाच्या तसा आठवतो.

चहाच्या दुकानात दिवसभर कपबशा विसळून त्याचे हात लालभडक झाले होते, बोटं चिरली होती. तिने त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि तारीख दिली... अडीच वर्षांनंतरची.

"अडीच वर्षं?" तो हसला. "तोवर बोटं उरतील का, मॅडम?"

त्या हसण्यानेच घोळ झाला. "गुरुवारी सकाळी या," ती हळूच म्हणाली. "कुणी वेळ रद्द केली तर बघते."

तो आला. मग दर गुरुवारी यायला लागला, पांढरे सुती हातमोजे घालून. जाताना खिडकीपाशी दुधाच्या चहाचा कागदी पेला असायचाच.

"अहो, पेशंटकडून काही घ्यायला बंदी आहे आम्हाला. उचला तो."

"अरेच्चा, विसरलोच की!" दारातून म्हणायचा... आणि पसार!

चहा वाया कशाला घालवायचा, असं स्वतःलाच बजावून ती तो प्यायची. बुधवारपासूनच तिचं घड्याळाकडे लक्ष असायचं.

दोनदा जागा रिकामी झाली. दोन्ही वेळा त्याने बाकावरच्या दुसऱ्याच कुणाला तरी पुढे केलं. "त्या आजींना द्या. मी थांबतो की." सूक-यी पार विरघळली.

मग वरून हुकूम आला – रांग कमी करा. यादीतल्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं, अजून गरज आहे का? सूक-यी रोज ऐंशी फोन करायची. कुणी खासगीत दाखवलं होतं, कुणी परदेशी गेलं होतं, कुणी आपोआप बरं झालं होतं. कळवलं मात्र एकानेही नव्हतं! बघता बघता अडीच वर्षांची रांग दहा महिन्यांवर आली. तिला अभिमान वाटायचा, आणि काम-हुंगचं नाव जवळ येईल तशी ती फोन लावायला चालढकलही करायची. त्याचा नंबर लागला की गुरुवार संपलेच.

शेवटी तिने फोन लावला. "त्वचारोग दवाखान्यातून बोलतेय. तुम्हाला वेळेची अजून गरज आहे का?"

पलीकडे कपबशांचा आवाज येत होता.

"मॅडम... हात आठ महिन्यांपूर्वीच बरे झाले. मालकाने विसळण्यावरून काढून चहा गाळायला घेतलं, तेव्हाच."

"मग ते हातमोजे?"

"तुमच्या दाराशी आल्यावर घालायचो."

"लाज नाही वाटली? सहा वर्षांची पोर आहे माझ्या यादीत, रक्त येईपर्यंत खाजवते. तिच्या पुढे बसला होतात तुम्ही!"

"चुकलंच माझं. पण नाव कापलं असतं, तर गुरुवारी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

सूक-यीचे डोळे भरून आले, रागाने की कशाने कुणास ठाऊक. "कापलं नाव. खिडकीशी पुन्हा दिसू नका!"

ती वेळ तिने त्या पोरीला दिली. फोनवर पोरीची आई रडली.

गुरुवार आला. खिडकीपाशी पेला नव्हता. दुपारच्या सुट्टीत सूक-यी तडक त्याच्या दुकानासमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे आठ माणसं होती.

तिचा नंबर लागला. तिला पाहून त्याच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

"हात दाखवा," ती म्हणाली.

त्याने मुकाट्याने हात पुढे केले. तिने एकेक बोट उलटून पाहिलं. खरंच बरं झालं होतं.

"आता खोटं बोलायचं नाही," तिने दटावलं. "मला भेटायचं असेल, तर तसं सांगायचं."

"भेटायचंय," तो म्हणाला. "रोज..."

"अहो, आटपा की लवकर!" मागून कुणीतरी ओरडलं. पण सूक-यीने काही त्याचा हात सोडला नाही. रांगा कमी करणाऱ्या त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एक रांग खोळंबवून ठेवली.