रजेचा अर्ज

"श्वास घ्या... धरून ठेवा," मी काचेपलीकडून म्हटलं आणि बटण दाबलं. तेवढ्यात वॉर्डातून फोन – एक्स-रे काढायला वर या, आत्ताच्या आत्ता! फोनवर भांडून वळले, तर खोकल्यासाठी आलेला तो पेशंट अजून तसाच उभा. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद.

"सोडा! अहो, सोडा ना श्वास!"

तो धापा टाकत हसला. "तुमी सांगितलंच नाय, मॅडम. कोळी माणूस मी, पाण्याखाली सवय हाय. पण तुमचा फोन लय लांबला."

मला हसू यायला हवं होतं, आलं रडू. परळच्या त्या हॉस्पिटलात दोघांचं काम चार महिने मी एकटी ओढत होते. दिवसाला शंभर माणसं! आज हे विसरले, उद्या काय विसरेन? राजीनामा लिहून तयार होता. आणि खरं सांगू? हे काम मला मनापासून आवडायचं.

त्याचं नाव कल्पेश, वरळी कोळीवाड्याचा. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी पठ्ठ्या आठवड्यात तीनदा हजर.

"आता काय दुखतंय?"

"काय नाय. आरोही मॅडम जेवल्या का, ते बघाया आलो."

नव्हतेच जेवले. कॅन्टीनमध्ये वडा-उसळ खाताना मी त्याला राजीनाम्याचं सांगून टाकलं.

"पावसात दोन महिने आमच्या होड्या बंद असतात," तो म्हणाला. "म्हणून काय कोण धंदा सोडतो? मासळीला वाढू देतो, जाळी शिवतो. तू... तुमी रजा कधी घेतली शेवटची?"

"तू चालेल," मी म्हटलं. रजेचं काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी राजीनामा फाडला आणि मोठ्या डॉक्टरांपुढे दोन अर्ज ठेवले. जोडीला माणूस द्या आणि मला आठ दिवस रजा द्या. "नाहीतर तिसरा कागदही लिहिता येतो मला, सर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं... आणि दोन्हींवर सही केली.

संध्याकाळी कल्पेश गेटवर होताच. "रजा मागितलीस? मिळाली? कारण काय लिवलंस?"

"वैयक्तिक."

"म्हंजे?"

आता नाही बोलले, तर कधीच नाही.

"म्हणजे तू."

बाजूने बेस्टची बस हॉर्न देत गेली तरी तो तिथेच उभा. मग मीच त्याचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.