भूतकाळाच्या पक्षातला ऑक्टोपस

"हलू नकोस गं," समिधा तिसऱ्यांदा म्हणाली, आणि समृद्धी तिसऱ्यांदा हलली.

मंडळाच्या हॉलमागच्या अरुंद खोलीत वेशभूषा स्पर्धेची तयारी चालू होती. तीन झाशीच्या राण्या, दोन कृष्ण, एक भाजीवाली, आणि या सगळ्यांत आठ वर्षांची समृद्धी, समिधाच्या बहिणीची मुलगी. डोक्यावर जुन्या गादीच्या फोमच्या चार गुलाबी भुजा, त्यांवर ओळीने शिवलेली कोटाची बटणं. डोळ्यांभोवती काजळाचे रुंद काळे पट्टे. समिधाने तीन रात्री जागून केलेलं काम होतं ते.

"एक मिनिट दीदी... सॉरी हं, पण ही ऑक्टोलिंग नाही."

समिधाने वळून पाहिलं. गळ्यात माइकच्या वायरचं वेटोळं अडकवलेला एक मुलगा दारात उभा होता. उंच, जरा वाकलेला, आपण बोललो याचीच लाज वाटत असल्यासारखा.

"मग कोण आहे? इडली?"

"नाही म्हणजे... भुजा एकदम झकास आहेत. पण तुम्ही डोळ्यांचे पट्टे नाकावर जोडून टाकले न! जोडलेले पट्टे स्क्विडवाल्यांचे असतात. ऑक्टोलिंगचे दोन डोळे, दोन पट्टे. मधे गॅप."

समिधाने समृद्धीच्या नाकाकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. सहा वर्षं ऑक्टोलिंगचा तो व्हिडिओ गेम खेळून ती नेमकी तिथेच चुकली होती. आणि आख्ख्या जबलपुरात ऑक्टोलिंग म्हणजे काय हे माहीत असलेला दुसरा माणूस तिला आजवर भेटलाच नव्हता.

त्याने कुठूनतरी खोबरेल तेलाचा बोळा आणला, खाली बसला आणि समृद्धीच्या नाकावरचं काजळ हलक्या हाताने पुसलं. "अच्छा... आता बरोबर."

"आता मी कोण आहे?" समृद्धीने विचारलं.

"आता तू आमच्यापैकी आहेस," तो म्हणाला. म्हणाला समृद्धीला, पण पाहिलं मात्र समिधाकडे.

स्टेजवरून नाव पुकारलं गेलं, "समृद्धी — जेलीफिश!" समृद्धीला उत्तेजनार्थ एक कंपासपेटी मिळाली. त्या मुलाचं नाव आल्हाद होतं. मदन महल भागात राहायचा, वडील रेल्वेत, स्वतः घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करायचा.

आता हा गेम काय आहे, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दोन टोळ्या, चार-चार जणांच्या. प्रत्येक टोळीचा एक रंग. हातात रंगाच्या पिचकाऱ्या आणि रोलर. तीन मिनिटांत ज्यांच्या रंगाची जमीन जास्त, ते जिंकले. खेळातली पात्रं दिसायला माणसांसारखी, पण स्क्विडच्या नाहीतर ऑक्टोपसच्या जातीची. आपल्या रंगात बुडी मारली की ऑक्टोपस होऊन सुळकन पोहायचं, दुसऱ्याच्या रंगात पाऊल पडलं की पाय चिकटायचे. ऑक्टोपसची जात आधी फक्त शत्रूच्या बाजूला असे. मग एका वर्षी त्यांच्या रूपात खेळताही येऊ लागलं. तोच ऑक्टोलिंग. समिधाचा मोठा भाऊ अनुपम त्या वर्षी घरी होता. त्यानेच तिला खेळायला शिकवलं. पुढे तो कॅनडाला गेला, आणि गेमचं यंत्र चेरीतालच्या घरी राहिलं.

त्या घरी असं बरंच काही राहिलेलं होतं. काका नागपूरला गेले, त्यांची सायकल राहिली. शेजारचे लोक पुण्याला गेले, त्यांची तुळस राहिली. एकेक मराठी घर असं रिकामं होत गेलं, आणि प्रत्येकाला पोचवायला स्टेशनवर समिधा गेली. दशमीचा डबा खिडकीतून द्यायचा, गाडी हलेपर्यंत हसायचं आणि मग रिक्षाने घरी यायचं, हे तिला आता सरावाने जमत असे. ती घराच्या खालच्या खोलीत लहान मुलांना चित्रकला शिकवायची. मुलं तरी लवकर कुठे जात नाहीत, असं तिला वाटे.

आल्हाद आणि ती आधी आपापल्या घरून खेळू लागली. संध्याकाळी सात ते आठ. त्या गेममध्ये एकमेकांशी बोलता येत नाही. दोनच हाका मारता येतात. एक "इकडे या", आणि दुसरी आनंदाची आरोळी. लढाईत समोरासमोर आलेल्या दोघांना लढायचं नसेल तर त्यांनी जागच्या जागी खाली-वर, खाली-वर डोलायचं. जगभरच्या खेळाडूंनी आपापसात पाडलेला तो रिवाज. तो त्यांचा नमस्कार. आल्हाद खेळायला आला की त्याचा ऑक्टोपस आधी तीनदा डोलायचा, आणि चेरीतालला बसलेली समिधा एकटीच हसायची.

मग हिवाळा आला. त्या हिवाळ्यातल्या रविवारच्या दुपारी समिधाला अजून आठवतात. गच्चीवर चटई, पाठीवर ऊन, संत्र्यांच्या सालींचा वास, शेजारशेजारी हातातल्या गेमचे दोन पडदे आणि मधे घुसून बसलेली समृद्धी. खोव्याची जलेबी आल्हाद आणायचा, आणि निम्मी पुडी खालून वर येईपर्यंतच संपायची.

बाबा आरामखुर्चीतून पेपर खाली करून विचारत, "काय करून राहिले रे तुम्ही दोघं?"

"जमीन रंगवून राहिलो काका."

"मग जिन्याची भिंत रंगवा न एखादी! पोपडे पडून राहिले."

आणि आल्हादने खरंच एका रविवारी जिन्याची भिंत रंगवली. वाईट रंगवली. पण बाबांनी ती पुन्हा रंगवून घेतली नाही.

एकदा समिधाच्या वर्गात मुलं ऑक्टोपस काढत होती. ती सांगत होती, याला तीन हृदयं असतात. आल्हाद दाराशी टेकून ऐकत होता. मुलं गेल्यावर म्हणाला, "तीन-तीन? मग याचं काम सोपं आहे. प्रेमात पडायचं म्हणतो मी."

"उलट आहे," समिधा ब्रश धूत म्हणाली. "पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं. दमून जातो बिचारा. म्हणून तो होता होईतो पोहत नाही, तळाशी सरपटत जातो."

"अच्छा... म्हणजे माझ्यासारखा."

"तू कुठे सरपटतोस?"

"बघ न, भेटून पाच महिने झाले, आणि मी अजून..."

"अजून काय?"

"अजून... ती दुसरी जलेबी घेतली नाही." त्याने पुडीत हात घातला. कान लालबुंद झाले होते.

"तू तर पहिल्याच दिवशी मला दीदी म्हटलं होतंस," समिधा हळूच म्हणाली.

"जबलपूर आहे बाई! इथं सगळ्याच दीदी. ते मोजायचं नसतं."

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो तिला नर्मदेच्या ग्वारीघाटावर घेऊन गेला. पूर ओसरला होता, पाणी अजून गढूळ होतं. पायऱ्यांवर बसून त्याने बराच वेळ चपलेशी चाळा केला.

"कंपनीनं परत बोलावलं सगळ्यांना. घरून काम बंद. एक ऑक्टोबरला हैदराबादला हजर व्हायचं आहे."

"छानच की," समिधा म्हणाली.

"छान?"

"मोठं शहर आहे. तुला आवडेल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती पाण्याकडे पाहत हसत होती, गाडी हलेपर्यंत हसतात तशी. मग तो म्हणाला, "चलो... अंधार पडून राहिला." आणि दोघं उठली. वाटेत 'थांब' म्हणावं असं समिधाच्या ओठांवर दोनदा आलं होतं. पण तिने आजवर कुणाला थांब म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि तो तरी गेला, तर?

त्याच महिन्यात त्या गेमच्या मोठ्या उत्सवाची बातमी आली. तीन दिवसांचा, सगळ्यात मोठा, अन् शेवटचा म्हणत होते. प्रत्येकाने एक पक्ष निवडायचा. भूतकाळ, वर्तमान की भविष्य. एकदा निवडला की बदलता येत नाही, आणि वेगळ्या पक्षांतल्या मित्रांना ते तीन दिवस एका टोळीत खेळता येत नाही.

"तू कोणता घेणार?" समिधाने फोनवर विचारलं.

"नाही सांगणार. तू?"

"मीही नाही."

विचारायची गरजच कुठे होती! 'पुढच्या वर्षी असं करू, पुढच्या वर्षी तसं करू' हे त्याचं पालुपद. तो भविष्य घेणार हे उघड होतं. आणि ती कोण, तर अनुपमच्या शाळेचा बिल्लाही जपून ठेवणारी. 'तुझ्या घराला तिकीट लाव, संग्रहालय आहे ते,' असं आल्हाद चिडवायचा. तिचा पक्ष भूतकाळच. पण तसं केलं तर शेवटचे तीन दिवसही गेले... गेममधल्या निवडणुकीच्या खोक्यासमोर तिचा ऑक्टोपस दहा मिनिटं उभा होता. मग तिने भविष्यावर बोट दाबलं. आणि बटण दाबताना तिला वाटलं, हैदराबादला चित्रकलेचे वर्ग नसतील का? असतीलच की. मुलं काय, सगळीकडे असतात.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला उत्सव सुरू झाला. गणपतीचे दिवस, घरात दुर्वांचा वास. समिधा चहाही न घेता पडद्यासमोर बसली. त्या गेममध्ये एक मोठा चौक आहे, तिथे आपल्या ओळखीच्यांचे पुतळे उभे दिसतात. रोषणाईतून वाट काढत ती आल्हादला शोधू लागली. सापडला. कोपऱ्यातल्या कठड्याला टेकून उभा होता.

त्याच्या अंगात भूतकाळाच्या पक्षाचा टी-शर्ट होता.

तिने पुन्हा पाहिलं. टी-शर्ट तोच होता. आधी तिला राग आला. काहून घेतला यानं तो? मग रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं, आणि तिने यंत्र खाली ठेवून पदराने... नाही, ओढणीने डोळे पुसले.

शुक्रवारी त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. शनिवारी संध्याकाळी एका लढाईत योगायोगाने समोरच्या टोळीत तो निघाला. भर मैदानात दोघं एकमेकांसमोर आली. त्याने पिचकारी खाली केली. तिनेही. बाकीचे सहा जण जीव तोडून जमीन रंगवत होते, आणि हे दोन ऑक्टोपस मधोमध उभे राहून डोलत होते, खाली-वर, खाली-वर, वेळ संपेपर्यंत. दोन्ही टोळ्यांनी त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील!

रविवारी दुपारी वर्ग सुटला. समिधा रंगांच्या वाट्या धूत होती तेव्हा दारात सावली पडली.

"उत्सव चालू आहे अजून," ती मान वर न करता म्हणाली. "खेळायचं सोडून इथं काय करून राहिला?"

"कोणासोबत खेळू? सगळे भूतकाळवाले अनोळखी निघाले." तो आत आला. मुलांच्या बुटक्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीपर्यंत आले. "समिधा, तू काहून घेतलंस भविष्य?"

"तू काहून घेतलास भूतकाळ?"

"मी आधी विचारलं."

"दीदी म्हणतोस न मला? मग मोठ्यांचं आधी ऐकायचं."

तो हसला नाही. बाकावरच्या रंगाच्या डागावरून अंगठा फिरवत राहिला. "तू तिकडे असशील असं वाटलं होतं. आणि..." तो थांबला. "त्या दिवशी घाटावर तू 'छानच की' म्हटलं, तरी घरी जाऊन मी राजीनामा लिहून ठेवला. अजून पाठवला नाही. तू एकदा जरी म्हटलं असतं न, थांब म्हणून... मी थांबलो असतो. तुझ्या संग्रहालयात राहिलो असतो मी. म्हणून तो टी-शर्ट घेतला. आता तुझी बारी."

नळ चालूच होता. समिधाने तो बंद केला.

"मला वाटलं तू जाणार," ती म्हणाली. "आणि मला या वेळी कोणाला पोचवायला स्टेशनवर जायचं नव्हतं. मला गाडीत बसायचं होतं..." मग तिने एका दमात सांगून टाकलं. "तू मला आवडतोस, आल्हाद. केव्हापासून, ते विचारू नकोस."

तो उठायला गेला आणि बुटक्या बाकासकट उठला. बाक धाडकन पडला. दोघं हसायला लागली, आणि हसता हसता त्याने तिचे ओले, निळ्या रंगाने माखलेले हात आपल्या हातात घेतले.

"राजीनामा फाडून टाक," ती म्हणाली.

"आणि तुझा वर्ग?"

"जानेवारीत मुलांचं प्रदर्शन आहे. ते झालं की येते मी. तोवर तू घर बघ. उजेडाचं बघ, मला शिकवायला लागेल."

"मला स्टेशनवर सोडायला येशील?"

"येईन. पण या वेळी हसणार नाही. रडणार आहे मी. चालेल?"

"पळेल," तो म्हणाला. त्याचेच डोळे भरून आले होते.

बाक पडल्याचा आवाज वरपर्यंत गेला होता. जिन्यातून बाबांची हाक आली, "समिधा! काय पडलं गं? कोण आहे खाली?"

आल्हादने घाईने हात सोडवून घ्यायला पाहिलं. समिधाने ते सोडले नाहीत.

"आल्हाद आहे, बाबा," तिने वर तोंड करून उत्तर दिलं. "तुमच्याशी बोलायचं आहे. आम्हा दोघांना."