अळीवाल्याचं तळं

बांधावर एक अनोळखी तरुण बादली घेऊन उकिडवा बसलेला दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळं बाबांचं असलं तरी मासे लहानाचे मोठे केले होते तिनं. आणि हा खुशाल त्यात काहीतरी काळपट टाकत होता! काय ते, असं दरडावून विचारल्यावर त्यानं तळहात पुढे केला.

"अळ्या. माशीच्या. वाळवून, दळून गोळ्या केल्यात."

वर हसलाही. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती... ती आपण पाहिलीच नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

बाबांनीच त्याला बोलावलं होतं आणि लेकीला सांगायचं सोयीस्कर विसरले होते. ते तिला उगाच 'ठिणगी' म्हणत नसत. हा तरुण माशांच्या खाद्याच्या कारखान्यातला. समुद्रातली बारीक मासळी दळून तळ्यातल्या माशांना घालायची, म्हणजे मासे वाढवायला मासेच संपवायचे, हे किती दिवस चालणार, असं त्याचं म्हणणं. भाजीच्या कचऱ्यावर पोसलेल्या अळ्यांनीही मासा तसाच भरतो. म्हणून एका तळ्यात जुनं खाद्य आणि शेजारच्यात त्याचं. मोसम संपला की वजन करायचं. मासे भरले तर त्याची नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

पण त्याचे मासे गोळ्यांकडे ढुंकूनही बघेनात. सवय होईल, असं तो शांतपणे म्हणाला आणि तिचा संताप संताप झाला. मुक्या जिवांना उपाशी ठेवून कसले प्रयोग करायचे? मग ती रोज संध्याकाळी भांडायच्या निमित्तानं बांधावर येऊ लागली. तो बादली विसळायला वळला, की ओंजळभर जुनं खाद्य गुपचूप त्याच्या तळ्यात टाकायची. तो तिला 'मालकीणबाई' म्हणून चिडवायचा, ती त्याला 'अळीवाले' म्हणायची. पुढे मासे त्याच्या गोळ्याही खाऊ लागले. तिची ओंजळ मात्र थांबली नाही, आणि बांधावरून घरी जायची वेळ रोज थोडी लांबत गेली.

वजनाच्या दिवशी त्याचे साहेब आले. दोन्ही तळ्यांतले मासे सारखेच भरले होते. साहेब खूश, बाबा खूश. तो मात्र मान खाली घालून म्हणाला, "हे वजन धरू नका, साहेब. या तळ्यात जुनं खाद्यही पडलंय... माझ्या हातून."

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे घरी बसायला सांगितलं. तिला राहवेना.

"तुमच्या हातून?" ती त्याच्यावरच उसळली. "खाद्य टाकलं मी. रोज. माझ्या चुकीवर मोठेपणा मिरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

साहेब म्हणाले की प्रयोग पहिल्यापासून करा, नोकरीचं पुढच्या मोसमात बघू. बाबांनी त्यांना चहाला नेलं. बांधावर दोघंच उरली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. माझ्या गोळ्या बुडतात, तुमचं जुनं खाद्य तरंगतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर..." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "तुम्ही संध्याकाळी यायचं थांबवलं असतं."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या कामाची माती करायची, तीही तिच्यासाठी, आणि तिला साधं विचारायचंही नाही?

"उद्यापासून खाद्य टाकायला मी येणार नाही," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "नुसती येईन. भांडायला. इतका राग साठलाय की एका मोसमात काही संपायचा नाही."

"मग...?"

"मग काय? ऐकून घ्यायचा. जन्मभर."

आणि त्याच्या हातातली बादली हिसकावून ती स्वतःच विसळायला बसली.