चाकाने सरकलेला प्रांत

"चूक वापरणाऱ्याचीच असणार," दारात छत्री झटकत तो तरुण म्हणाला, आणि चिहारूच्या डोक्यात तिडीक गेली.

ओकायामातल्या त्या पीच पाठवणाऱ्या कचेरीत सगळे तिला हेच ऐकवत होते. योनागोच्या एका आजींनी वारलेल्या नवऱ्याच्या पहिल्या ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या सणाला, त्याच्या तसबिरीपुढे ठेवायला पीच मागवले होते. संगणकात पत्ता चिहारूने भरला होता. तोत्तोरी प्रांतात जायचे ते शेजारच्या शिमानेत गेले, परत फिरेपर्यंत सडले. गेलेला माणूस वर्षाने घरी आला, आणि त्याच्यापुढे ताट रिकामं… उद्या चिहारूने जाऊन आजींपुढे वाकायचं, आणि पुढच्या हंगामात कामावर यायचं नाही, असं सेनो साहेबांनी ठरवलं होतं.

"तुम्हीच का ते संगणकवाले?"

"इवाकुरा. हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"मग बसा. मी काम करते, तुम्ही माझी चूक शोधा."

"रागावू नका—"

"अजून रागावले कुठंय?"

तिने पडद्यावरची प्रांतांची यादी उघडली, तोत्तोरी निवडलं, यादी मिटली. मग पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं. त्याने एकदम तिचा हात धरला.

"हात सोडा."

"सोडतो… आधी तिथं बघा."

बाण अजून मिटलेल्या यादीवरच होता. आणि चौकटीत आता शिमाने दिसत होतं.

"यादी न उघडता चाकानेच नाव बदलावं, ही सोय… माझीच," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "वाटलं, लोकांचा एक क्लिक वाचेल."

"त्या एका क्लिकपायी माझी नोकरी गेली. वर मलाच धांदरट म्हणता."

तो उठला, थेट सेनो साहेबांपुढे जाऊन कमरेत वाकला. "दोष माझा आहे. यांचा नाही." अख्ख्या कचेरीने ऐकलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि चिहारूकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या हंगामात वेळेवर या."

तिचा राग मात्र ओसरेना. इतक्या सरळ माणसाने इतकं भिकार काम करावं, याचाच आता राग.

"यादी आजच दुरुस्त करतो," तो परत येऊन म्हणाला. "योनागोलाही मीच जातो."

"आणि आजींना काय सांगणार? चाक फिरलं म्हणून?"

"मग… काय सांगू?"

"काही नाही. आधी तसबिरीपुढे उदबत्ती लावायची, मग वाकायचं. गाडीत शिकवीन."

"म्हणजे तुम्ही येणार?"

"जाताना वाटभर रागवायचंय मला."

"आणि येताना?"

तिने मान फिरवली, पण ओठांच्या कडेला काहीतरी हललंच.

"येतानाचं… आजींनी माफ केलं तर बघू."