कुलूपातला आवाज

टक्. टक् टक्.

शांत घरात वाटीवर चमचा वाजला. वृषालीने कणकेने भरलेले हात तसेच धरून मागे पाहिलं. सात वर्षांची शाल्मली वाटी पुढे करून उभी होती. आणखी वरण हवं होतं. चार दिवसांपूर्वी तिने ते बोलून मागितलं असतं.

शाल्मलीच्या गळ्यात जन्मापासून आवाज नव्हता. ती ओठ हलवायची, गळ्याभोवतीची मऊ पट्टी स्नायूंची हालचाल टिपायची आणि दप्तरात मावणारा लॅपटॉप ती बोलून दाखवायचा. दोन वर्षं तो तिच्या लकबी शिकत होता. हट्टातला लांबलचक ‘नाऽऽही’सुद्धा.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, कात्री, शिवणयंत्र पूजेला मांडलं. “त्यालाही ठेव गं. वर्षभर बडबडतोय बिचारा, एक दिवस विसावा दे.” वृषालीने तो बंद केला, वर झेंडूचं फूल ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो पुरता बंद झाला होता.

दसऱ्याला तो उठेना. पडद्यावर एकच ओळ होती : ‘परवानगीची वाट पाहत आहे.’

लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांत आधी जागी होते ती त्याची पायाप्रणाली, म्हणजे फर्मवेअर. ही पायाप्रणाली दर वेळी कंपनीकडे परवानगी मागायची, आणि कंपनी तर उन्हाळ्यातच गुंडाळली गेली होती. वृषालीने पेनड्राइव्हवरून मुक्त प्रणाली घालून पाहिली; कुणीही वापरावी, बदलावी अशी. ‘सही अनोळखी’ म्हणत पायाप्रणालीने तिला दारातूनच परत पाठवलं. दुसरा लॅपटॉप घ्यावा, तर गळपट्टी फक्त याच्यातल्या चिपचं ऐकायची.

“पूजा केली म्हणून रुसलं होय ते?” सासूबाई दारातून म्हणाल्या. मग हळूच, “मीच म्हणाले गं, विसावा दे म्हणून.”

“बंद मी केला, आई. उठवीनही मीच.”

जेवणं उरकल्यावर तिने टेबलावर मऊ पंचा अंथरून लॅपटॉप पालथा ठेवला आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. फोनवर सांगलीचे नझीर मुलाणी होते, निवृत्त शिक्षक, मुक्त प्रणालीवाल्यांच्या गटात भेटलेले.

“ताई, पायाप्रणालीच बदलू. मागचं झाकण काढलं की आठ पायांची चिप दिसेल. तिला चिमटा लावायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नवी उतरवायची. धरा बिनधास्त, चावत नाही.” ते थांबले. “पण एक सांगतो. पोरीचा आवाज डिस्कवर कुलपात आहे. किल्ली जुन्या पायाप्रणालीलाच मिळते. ती गेली की कुलूप उघडणार नाही.”

“आणि नाही बदलली तर?”

“तर ती परवानगीची वाट बघत बसेल. आपण आहोत तोवर.”

वृषालीने शाल्मलीला मांडीवर घेतलं. “नवा आवाज मिळेल, पण तुझा नसेल गं. पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागेल त्याला. चालेल?”

शाल्मलीने बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर उचलून आईच्या हातात दिला.

जुनी डिस्क काढून वृषालीने रुमालात गुंडाळली, तिच्या जागी कोरी बसवली. चिमटा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा घट्ट बसला. आकडे सरकत गेले, शंभरावर थांबले. नव्या डिस्कवर मुक्त प्रणाली बसली, गळपट्टी जोडली गेली.

“आता शिकवा नव्या प्रणालीला,” मुलाणी सर म्हणाले. “आधी सोपे शब्द.”

दुपारभर मायलेकी शिकवत राहिल्या. पाणी, वरण, आजी. पहिल्यांदा ‘आजी’ ऐकू आलं तेव्हा तो स्वर परका होता, चरचरीत; तरी सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वृषालीने चुकलेला प्रत्येक शब्द पुन्हा म्हणून घेतला. दहादा, पंधरादा. उन्हं कलेपर्यंत वाक्यं जुळू लागली.

शाल्मलीने रुमालाची घडी उलगडली. डिस्क तळहातावर घेऊन ती निरखत राहिली. नव्या आवाजात, एकेक शब्द वेचत तिने विचारलं,

“आई, आधीची मी... आत गप्प आहे? की बोलतेय, आणि कुणाला ऐकूच येत नाही?”