समुद्राचं विरजण

पाणी इतकं स्वच्छ, की टाकी रिकामी आहे असंच वाटावं. आणि त्याच पाण्यात दोन मासे वर येऊन, तोंडं बाहेर काढून धापा टाकत होते.

दसऱ्याच्या सकाळी शाल्मली केळुसकर दात घासायचा ब्रश तोंडात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत उभी होती. काल सकाळपर्यंत हे मासे टाकीभर हुंदडत होते. तेव्हा टाकीतले दगड तपकिरी होते, वाळूवर शेवाळ होतं, काच बुळबुळीत होती. आता सगळं कसं लख्ख झालं होतं आणि मासे मात्र मरायला टेकले होते. हे उलटं कसं झालं, ते तिला काही केल्या कळेना.

गोष्ट आहे सन २०६८ मधली, बार्शीतली. बार्शीपासून समुद्र इतका लांब, की शाल्मलीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो पाहिलेलाही नव्हता. तरी गावातल्या दोन घरांत समुद्र होता. झालं होतं असं, की उन्हाळ्यांबरोबर समुद्रही तापत गेला आणि प्रवाळ (समुद्राच्या तळाशी एकमेकांना चिकटून राहणारे इवलेसे प्राणी) पांढरे पडून मरू लागले. तेव्हा एक योजना निघाली. समुद्र पुन्हा निवेपर्यंत प्रवाळांचे तुकडे लोकांनी आपापल्या घरी सांभाळायचे. अशा घराला प्रवाळ-पालक म्हणत. गावातलं एक घर शाल्मलीचं आणि दुसरं तिच्याच वर्गातल्या रुखसार बागवानचं.

शाल्मलीचे आजोबा मालवणचे. जन्मभर समुद्रात बुड्या मारून त्यांनी प्रवाळांचा अभ्यास केलेला, त्यामुळे टाकी बांधायचं सगळं त्यांनीच ठरवलं. टाकी तळमजल्यावरच हवी, असा त्यांचा हट्ट. "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. नऊशे लिटर पाणी, वर दगड, वाळू, काच. घरात दोन म्हशी बांधल्यासारखं आहे हे," ते म्हणाले, आणि गवंड्याला बोलावून त्यांनी फरशीखाली काँक्रीट ओतून घेतलं. मग काच आली, समुद्रासारखा प्रवाह करणारे पंप आले, सूर्यासारखे दिवे आले. नळाचं पाणी गाळून गाळून शुद्ध केलं आणि त्यात समुद्राचे क्षार मोजून मिसळले. भोकाभोकांचे दगड रचले. टाकीच्या खालच्या कपाटात गाळणी बसवली. एक जाड स्पंज आणि चिनीमातीच्या छोट्या छोट्या नळ्या, त्यांतून पाणी सतत फिरत राहायचं.

इथपर्यंत शाल्मलीला सगळं कळलं. पुढचं मात्र वेडेपणाचं होतं. आजोबांनी टाकीत मासे सोडलेच नाहीत. आठवड्यांमागून आठवडे टाकी रिकामी, आणि आजोबा रोज तिच्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचे.

"आजोबा, मासेच नाहीत तर खाणं कोणाला?"

"टाकी मुरतेय गो," आजोबा म्हणायचे.

शाल्मली मान डोलवायची. टाकी म्हणजे काही लोणचं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. पण आपल्याला कळलं नाही असं म्हणायला तिला आवडत नसे. बऱ्याच दिवसांनी दोन मासे आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. आणि नवरात्रात आजोबा मालवणला गेले प्रवाळ आणायला. ज्या खडकाजवळ ते चाळीस वर्षं बुड्या मारत होते, तिथला शेवटचा जिवंत तुकडा केळुसकरांच्या घरी येणार होता. त्याच्यासाठी शाल्मलीने दिव्याखालचा एक सपाट दगड कधीच राखून ठेवला होता.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून त्यांची पूजा करतो आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती देतो. शाल्मलीच्या आईने स्कूटर धुतली, शिवणयंत्र पुसलं. घरकाम करणारा रोबो होता, चौकोनी, म्हणून त्याचं नाव ठोकळा. त्यालाही पुसून हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि बंद करून ठेवलं. टाकीचं पाणी रोज तपासायचं काम ठोकळ्याचंच. त्या दिवशी त्यालाही सुट्टी.

शाल्मलीच्या मनात आलं, सगळ्या घराची सफाई झाली, मग टाकीच का पारोशी? उद्या आजोबा प्रवाळ घेऊन येणार, तो तर पाहुणा, आणि त्याचं घर असं शेवाळलेलं? रुखसारची टाकी तशी होती. मागच्याच महिन्यात ती बघून शाल्मलीने वर्गात सगळ्यांसमोर तिला डबकं म्हटलं होतं. आता आपलंही डबकं झालेलं तिला चालणार नव्हतं.

तिने एकेक दगड बाहेर काढून गरम पाण्याच्या नळाखाली ब्रशने घासला. वरची वाळू धुतली. गाळणीतला स्पंज पिळून पिळून पांढरा केला आणि चिनीमातीच्या नळ्यांबरोबर गच्चीवर कडक उन्हात वाळवला. संध्याकाळी सगळं परत जागेवर लावलं आणि सण म्हणून माशांना दुप्पट खाणं घातलं. आई म्हणाली, "काय आरशासारखी झालीय गं." शाल्मलीची छाती फुगली.

आणि आज सकाळी हे असं.

तिने धावत जाऊन ठोकळ्याला चालू केलं. गळ्यातल्या माळेसकट तो टाकीपाशी आला आणि त्याने आपली नळी पाण्यात बुडवली.

"पाणी घाण आहे," ठोकळा म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे?"

"मला डोळे नाहीत, कॅमेरे आहेत. दोन्ही शाबूत आहेत. पाणी घाण आहे."

"अरे, काल दिवसभर घासत होते मी. पलीकडची भिंत दिसतेय बघ आरपार."

"भिंत दिसते. पाणी घाण आहे. योजनेच्या नोंदीप्रमाणे गावातल्या दुसऱ्या टाकीचं पाणी आज स्वच्छ आहे."

दुसरी टाकी म्हणजे रुखसारची. ते डबकं स्वच्छ आणि हा आरसा घाण? हळदीकुंकू आत जाऊन याचं डोकं बिघडलं असणार, अशी शाल्मलीची खात्री झाली. तिने त्याच्या नळीचं टोक पुसलं आणि पुन्हा पाण्यात बुडवायला लावलं. ठोकळ्याने पुन्हा तेच सांगितलं. मासे अजून धापा टाकतच होते. आता तिला राग येत नव्हता, भीती वाटत होती.

दुपारी आजोबा आले. हातात पाणी भरलेला जाड डबा, डब्यात बोटाच्या पेराएवढा हिरवट तुकडा. त्यांनी चपलाही न काढता टाकीकडे पाहिलं आणि डबा सांभाळून टेबलावर ठेवला.

"दगड कोणी धुतले?"

"मी," शाल्मली म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "सगळं धुतलं. स्पंजसुद्धा. पाहुणा येणार म्हणून."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी आधी ठोकळ्याला कामाला लावलं. पिंपात खारं पाणी तयार होतं. टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी काढून तेवढंच नवं घातलं. तासाभरात मासे हळूहळू खाली उतरले. मग आजोबा खुर्चीत बसले आणि मालवणीत म्हणाले, "आता रडतंस कित्याक? ये, बस हंय."

"मला काही कळतच नाहीये," शाल्मली म्हणाली. हे वाक्य ती बहुतेक पहिल्यांदाच बोलत होती. "स्वच्छ केल्यावर घाण कसं होईल?"

"दोन पेल्यांत पाणी ठेवलं, एकात मीठ विरघळवलं. नुसतं बघून ओळखशील?"

"नाही."

"तसंच हे. मासे खातात, मग शी-शू करतात. उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया (पाण्यात विरघळणारं, अजिबात न दिसणारं विष) तयार होतो. समुद्र अफाट, तिथे तो पसरून जातो. आपल्या टाकीत कुठे जाणार?"

"पण मग परवापर्यंत कुठे जात होता?"

"ते विचारतेस ते बरोबर विचारतेस. परवापर्यंत त्याला खाणारे होते. जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचा नायट्राइट (हेही विषच) करतात. दुसऱ्या जातीचे तो नायट्राइट खातात आणि त्याचा नायट्रेट (थोडा असला तर मासे खपवून घेतात) करतात. मग तो थोडा शेवाळ खातं, थोडा आपण पाणी बदलून काढतो. या सगळ्या फेऱ्याला नायट्रोजन चक्र म्हणतात."

"पण पाणी तर मी बदललंच नव्हतं. मग जिवाणू गेले कुठे?"

"ते पाण्यात फारसे नसतातच. दगडाच्या भोकांत, वाळूच्या कणांवर, स्पंजात चिकटून बसतात. हाताला बुळबुळीत लागतं ना, त्यातच त्यांची वस्ती. तू गरम पाण्याने धुतलंस. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तो जंतू मारायलाच घातलेला असतो. वर स्पंजाला ऊन दाखवलंस."

"म्हणजे घाण साफ करणाऱ्यांनाच मी साफ केलं."

"बरेचसे. आणि त्याच दिवशी माशांना दुप्पट जेवण."

आता तिला आणखी एक गोष्ट आठवली. "तुम्ही रिकाम्या टाकीत खाणं टाकायचात. ते त्यांच्यासाठी होतं?"

"त्यांच्यासाठीच. ते खाणं कुजायचं, त्यातून अमोनिया व्हायचा, तो खाऊन जिवाणू वाढायचे. खाणारे पुरेसे झाल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. मुरतेय म्हणायचो ते हेच. मी नीट सांगायला हवं होतं."

"मी मान डोलवायला नको होती," शाल्मली म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरच्या डब्यावरची, आतलं पाणी अजून चांगलं आहे हे दाखवणारी हिरवी खूण पिवळी झाली. प्रवाळाला डब्यात उद्या सकाळपर्यंतच राहता येणार होतं, आणि टाकी पुन्हा मुरायला कितीतरी आठवडे लागणार होते. ठोकळा म्हणाला, "योजनेच्या नियमाप्रमाणे प्रवाळ जवळच्या तयार घरी द्यावा. जवळचं तयार घर बागवान यांचं."

शाल्मलीने राखून ठेवलेल्या सपाट दगडाकडे पाहिलं. तो पांढराशुभ्र झाला होता, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. तिला फार वाईट वाटलं. आजोबाही त्या दगडाकडेच बघत होते. तो त्यांचाही तुकडा होता, त्यांच्या खडकावरचा शेवटचा.

"दही संपलं की आई काय करते?" मग आजोबांनी विचारलं.

शाल्मलीला वाटलं, आजोबांना भूक लागली. "शेजारून विरजण आणते."

"चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं. कारण त्या चमच्यात जिवाणू असतात, ते दुधात वाढतात. टाकीचंही तसंच आहे. मुरलेल्या टाकीतला थोडा स्पंज मिळाला, तर आपली टाकी पुष्कळ लवकर मुरेल. पण तो मळलेला हवा."

गावात मुरलेली टाकी एकच होती. शाल्मलीने खिशात आपट्याची पानं घेतली, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि निघाली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिला ते फार वाटलं.

रुखसारने दार उघडलं. शाल्मलीने आधी डबा तिच्या हातात दिला, मग वर आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घे. आणि हा प्रवाळ तुझ्या टाकीत ठेव. माझी टाकी बिघडली, मीच बिघडवली. तुझ्या टाकीला मी डबकं म्हणाले ते चुकलं."

"डबकं म्हणालीस ते राहू दे," रुखसार म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणालीस."

"मग हेही सगळ्यांसमोर सांगते. सोमवारी."

रुखसारने तिला आत घेतलं. तपकिरी दगड, काचेवर हिरवं शेवाळ, आणि त्यात तिचे तीन मासे मजेत फिरत होते. दोघींनी मिळून त्या तुकड्याला एका बुळबुळीत दगडावर बसवलं. जाताना शाल्मली दारातच घुटमळली.

"तुझ्या गाळणीतला थोडा स्पंज देशील? धुऊ नकोस. जसा आहे तसाच."

रुखसारने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग कात्री आणली. स्पंजाचा अर्धा भाग कापून तिने स्टीलच्या डब्यात टाकीच्याच पाण्यात ठेवला. गडद तपकिरी, चिखलासारखा. डबा शाल्मलीच्या हातात देत ती म्हणाली, "घे, माझ्याकडून सोनं. डबक्यातलं आहे, चालेल ना?"

"चालेल," शाल्मली म्हणाली, आणि डब्यावर तळहाताचं झाकण करून पायाखाली बघत बघत घरी आली.

वर्ष गेलं. प्रवाळाचं एक बरं असतं, तो वाढला की त्याचा तुकडा कापून दुसरीकडे लावता येतो आणि तोही वाढतो. रुखसारकडचा तुकडा मुठीएवढा झाला तेव्हा ती एक फांदी डब्यात घालून घेऊन आली. शाल्मलीच्या टाकीतला तो सपाट दगड तोवर चांगला तपकिरी झाला होता. मालवणच्या समुद्राचा ताप उतरू लागल्याची बातमीही त्याच सुमारास आली. आजोबांनी बुडी मारायचा पोशाख उन्हात घातला.

पुन्हा खंडेनवमी आली. आईने स्कूटर धुतली, शिवणयंत्र पुसलं. ठोकळ्याला माळ घातली, पण या वेळी शाल्मलीने त्याला बंद करू दिलं नाही. मग तिने टाकीखालचं कपाट उघडलं. आत गाळणी, तिच्यात तो मळकट स्पंज.

"हा नाही धुवायचा?" आईने विचारलं.

"नाही," शाल्मली म्हणाली. तिने कपाटाच्या दाराला हळदीकुंकू लावलं, कडीत झेंडूचं एक फूल अडकवलं, हात जोडले आणि दार हलकेच लावून घेतलं. पंप चालूच होता. आतल्या मंडळींना आज सुट्टी देता येत नव्हती.